जन्मस्थान : लिद्दा

६ एप्रिल २००२, शनिवार
१. गेट-पासचे नवे अर्ज कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे.
२. जियाद — आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागाचे फोरमन, वय ५८. जन्मस्थान लिहिलं : लिद्दा. देशाचा रकाना कोरा.
३. कॉम्प्युटरचा प्रोग्राम परदेशी; त्याच्या तयार यादीत पॅलेस्टाईन नव्हतं. मी इस्रायल निवडलं.
४. आज सकाळी रास लफानच्या गॅस प्रकल्पाच्या गेटवर, जन्मदेश इस्रायल दिसताच, त्यांना कंपनीच्या बसमधून उतरवलं. पास जप्त.
५. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, हे कुणी भरलं? जियाद म्हणाले, "अर्ज माझा." मी पुढच्याच सीटवर होते. गप्प बसले.

७ एप्रिल
नवऱ्याला, श्यामला, सांगितलं, नकाशा बघून भरलं. खोटं! लिद्दा म्हणजे आताचं लोद, हे मला फ्लोरा मावशीमुळे माहीत. आमची रेवदंड्याची शेजारीण, कोकणातली ज्यू. मी पाच वर्षांची असताना ती माणसं तिकडे गेली. आईच्या पत्रांवर पत्ता मी घालायचे : लोद, इस्रायल. कितीदा! हात आपोआप तिकडे गेला.

श्याम म्हणाला, "अगं, जॉर्डन टाक आणि खलास! पासपोर्ट जॉर्डनचाच आहे ना त्यांचा? तुला काय भूगोलाचा पेपर द्यायचाय?"

९ एप्रिल
दुरुस्तीचा फॉर्म घेऊन जियादांच्या घरी गेले. जॉर्डन टाईप केलेलं, फक्त सही हवी होती. टीव्हीवर जेनिनच्या निर्वासित छावणीवरचा इस्रायली हल्ला. त्यांनी आवाज बंद केला.

"मी जॉर्डनमध्ये जन्मलो नाही, बिन्ती." मुलीसारखी, म्हणून बिन्ती म्हणतात.

मग सांगितलं, मीटरचं रीडिंग सांगावं तसं. जुलै १९४८. ते चार वर्षांचे. सैनिकांनी गावाबाहेर काढलं. उन्हात चालत निघाले, पाणी नाही. आईच्या कडेवर धाकटी बहीण होती. ती पोचली नाही.

नंतर रामल्ला, तेव्हा जॉर्डनकडे; पासपोर्ट तिथला. नंतर कुवेत — युद्धानंतर तिथूनही निघावं लागलं. दोहा चौथं. बुधवार, १७ तारखेपर्यंत सही नाही दिली, तर नोकरी जाणार आणि व्हिसाही. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "सामान बांधायची हिला सवय आहे." ती हसली नाही.

मला म्हणायचं होतं, त्याच गावात माझी मावशी राहते. मी म्हणाले, चहा छान झालाय.

सही केली नाही त्यांनी.

१० एप्रिल
आईचा फोन. मावशीचं पत्र आलंय. तिच्या नातवाच्या वर्गातली मुलगी बसमधल्या स्फोटात गेली. नातू आता बसमध्ये चढत नाही. मावशी त्याला रोज चालत सोडते, गुडघे दुखत असूनही.

आई म्हणाली, "कसली गं ही माणसं, पोरांच्या जिवावर उठलेली?"

कडेवरची ती बहीण आठवली. 

मावशीच्या एवढ्या पत्रांत, तिच्या आधी तिथे कोण राहत होतं, याची एक ओळ नाही. मीही कधी विचारलं नाही.

११ एप्रिल
पास नाही, म्हणून जियाद अजून घरीच. त्यांच्या टेबलावर दुसऱ्याचं हेल्मेट.

१३ एप्रिल, शनिवार
आज सिक्युरिटी ऑफिसला दिलेलं पत्र :

"देशाचा रकाना जियाद यांनी नव्हे, मी भरला. त्यांच्या जन्माच्या वेळी, १९४४ साली, लिद्दा पॅलेस्टाईनमध्ये होते. तसेच नोंदवावे. मी इस्रायल लिहिले, कारण जिला मी मावशी म्हणते ती त्या गावी राहते. चौकशी माझी करावी. माझा पास सोबत जोडला आहे. मंगळवार, १६ एप्रिलपर्यंत लेखी उत्तर द्यावे."