हूक तुटला नाही

बाबा, तुम्ही पाटलाच्या अंगणात खोटं बोललात. एवढं एकच वाक्य लिहून थांबायचं ठरवलं होतं, पण इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एका वाक्यात कसं मावणार. तुम्ही होता तोवर तुमच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती, आणि गेल्यावर तर लोकांनी तुम्हाला देवच करून टाकलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. मराठी शाळेत सातवीपर्यंत मला तुम्हीच पाठवलंत, तेव्हा हे ऐकून घ्यायची सोयही तुम्हीच करून ठेवली होती असं समजा.

भंडारा-नागपूरकडचा मुलूख तिकडे मुंबई राज्यात गेला आणि आपला बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात राहिला, त्या दिवसांत आपल्या लोहारकामाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, इतक्या बैलगाड्या. कटंगीच्या बाजाराला जाणारी धानाची गाडी तुमच्या हातची नसली तर लोक नाक मुरडायचे. मी लहान होते. गाडी भरून झाली की तुम्ही मला उचलून जुवावर बसवायचात. भार मागे जास्त झाला असला की पुढचं जू आणि त्यावरची मी अशी दोघं अलगद हवेत जायचो. "उलार झाली! पोती पुढं घ्या रे," असं तुम्ही ओरडायचात आणि मी वर टांगलेली खिदळत असायचे. उलार गाडीने बैलाच्या गळ्याला फास बसतो, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. ते आठवलं की अजून हसू येतं, आणि हसू आलं की तुमचा जास्तच राग येतो. मागचं ओझं पुढचं उचलतं, ही गोष्ट मला जुवावर बसवून शिकवणारा माणूस वेळ आली तेव्हा ती सोयीने विसरला.

मग पाटलाकडे ट्रॅक्टर आला, आपल्या भागातला पहिलाच. त्याच्यामागे लावायची ट्रॉली तुम्हीच करायची हे न सांगता ठरलेलं होतं. हुकासाठी तुम्ही ट्रकच्या जुन्या कमानीचे पट्टे आणलेत. पिन ट्रकच्या मोडक्या आसातून घडवलीत. खड्ड्यात पिन उसळून निघू नये म्हणून तिला खालून खिळी, आणि पिन गेलीच तर ट्रॉली रस्त्यावर मोकाट सुटू नये म्हणून शेजारून साखळी. एकेक तुकडा तुम्ही हातात घेऊन, ठोकून, त्याचा आवाज ऐकून निवडलात. नावं ठेवायला तिथे जागा असती तर मी ती सोडली नसती. घोळ केलात तो हूक लावायच्या जागेत. कंपनीने ट्रॅक्टरला मागे दिलेली पट्टी खाली होती, मागच्या चाकांच्या आसाखाली. ती तुम्हाला पसंत पडली नाही. तुम्ही तिच्यावर हातभर उंच, पार सीटच्या पाठीशी, आपली वेगळी अडणी ठोकलीत आणि हूक तिथे चढवलात.

यांनी तेव्हाच सांगितलं होतं. हे म्हणजे तुमचे जावई. तुम्हाला मी एकटीच, म्हणून तुम्ही त्यांना घरजावई करून आणलं होतं. भरवेलीला खाणीच्या ठेकेदाराचा ट्रॅक्टर चालवून आलेला माणूस, म्हणून पाटलाने स्टीअरिंग त्यांच्याच हातात दिलं. ते भात्याजवळ उकिडवे बसले होते.

"मामाजी, तिकडं हूक खालीच राह्यते," ते हळूच म्हणाले. "आसाच्या वर घेतला तं वढताना पुढची चाकं उचलते."

तुम्ही हातोडासुद्धा खाली ठेवला नाहीत. "बैल खांद्यानं वढते का शेपटीनं?"

"खांद्यानं."

"मंग? टॅक्टर काय बैलाहून येगळा हाय? अन् खाली लावला तं बांधीच्या धुऱ्याले घासून राह्यते. तुमी तिकडं दगडं वाहत होते, जावईबापू. आमी धान वाहतो."

अंगणातली माणसं हसली. ते खांद्या-शेपटीचं वाक्य आठवडाभरात बाजारात पोचलं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. त्यानंतर ज्याने ज्याने ट्रॅक्टर घेतला त्याने तुमच्याकडून उंचच हूक करून घेतला. शेताच्या बांधाला, धुऱ्याला, घासत नाही, हे खरंच होतं. पुढे यांनी दोनदा येऊन सांगितलं की ट्रॉली भरली की पुढची चाकं हलकी लागतात, स्टीअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. "नाचता येईना, अंगण वाकडं," तुम्ही म्हणालात, आणि आईच्या मोडक्या जात्याचा दगड ट्रॅक्टरच्या पुढे तारेने बांधून दिलात. दगड कशासाठी बांधला होता, बाबा? पुढचं उचलतंय हे कळल्याशिवाय कुणी पुढे दगड बांधत नाही.

त्या दिवशी आम्ही बाजाराला निघालो आहोत. हिवाळ्याची सकाळ आहे, ट्रॉलीत धानाची पोती रचली आहेत आणि मी सगळ्यात वर बसले आहे, कारण मला बांगड्या घ्यायच्या आहेत. नाला उतरतो. पलीकडचा चढ सुरू होतो, मागची चाकं ओल्या मातीत जरा रुततात, हे थोडा जोर देतात. मला यांची पाठ दिसते आहे. ती पाठ माझ्याकडे यायला लागते. आधी वाटतं, मागे वळून मला काही सांगायचं आहे. मग त्यांच्या डोक्यावरून ट्रॅक्टरचं तोंड दिसतं, आभाळाकडे गेलेलं, आणि तारेला लोंबणारा आपल्या जात्याचा दगड. त्यांनी उडी मारली म्हणून जीव वाचला. उजवा पाय मात्र चाकावरच्या पत्र्याखाली सापडला. ट्रॅक्टर ट्रॉलीच्या तोंडावर उताणा टेकून राहिला, आणि तुमचा हूक होता तिथेच, पिनेला घट्ट धरून. तो तुटला असता तर ट्रॅक्टर पुन्हा आपल्या चाकांवर खाली बसला असता. पण तुमचं काम पक्कं. तो कसला तुटतो.

हे बालाघाटच्या दवाखान्यात पाय टांगून पडले होते तेव्हा पाटलाने तुम्हाला बोलावलं. शेजारच्या गावांतले ट्रॅक्टरवालेही आले होते, कारण सगळ्यांच्या मागे तुमचाच हूक होता. मी पदर घेऊन दाराशी उभी होते. पाटील ओरडला नाही. दोष कोणाचा, एवढंच त्याने विचारलं. तुम्ही हूक सोडवून बरोबर आणला होता. तो सगळ्यांच्या मध्ये आणून ठेवलात.

"पाहा. हूक तुटला का? पिन वाकली का?"

ट्रॅक्टरवाल्यांनी वाकून पिन चाचपली.

"मंग लोखंडाचा दोष नाई. जावयाचा हात कच्चा हाय."

"बाबा, हूक वर होता," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "तू भाकरीचं पाह्य. लोखंड माह्यावर सोड." आणि लोक पुन्हा हसले, कारण तुमच्या अंगणात काय आणि पाटलाच्या काय, हसायचं कधी हे तुम्हीच ठरवायचात. घरजावयाच्या बाजूने बोलायला तिथे दुसरं होतं कोण? पडलो तरी नाक वर, हे तुमचं आयुष्यभराचं धोरण होतं. पण त्या दिवशी पडले होते ते हे, तुम्ही नव्हे.

हे वाकडा पाय घेऊन घरी आले. एवढ्या लांबच्या भरवेलीतसुद्धा त्यांच्या हातात कुणी पुन्हा ट्रॅक्टर दिला नाही. हात कच्चा म्हटल्यावर कोण देणार? ते तुमच्या भट्टीवर भाता ओढायला बसले. आणि मग तुम्ही जे केलंत ते मला आजवर गिळता आलेलं नाही. उन्हाळा लागला तशा एकेक ट्रॉल्या आपल्या अंगणात यायला लागल्या. तुम्ही बोलावणी पाठवली होती. प्रत्येक ट्रॅक्टरची उंच अडणी तुम्ही कापलीत आणि हूक खाली आणलात, आसाच्या खाली, बरोबर यांनी सांगितलं होतं तिथे. ट्रॉलीचा दांडाही त्या बेताने वाकवून दिलात. कोणी विचारलं की म्हणायचात, "कंपनीवाल्याईनं सांगतलं." ते सगळं लोखंड यांनी ओढलेल्या भात्यावर तापत होतं. ते तुमच्यापासून दोन हातांवर बसलेले असत आणि तुम्ही त्यांच्या तोंडावर कंपनीचं नाव सांगत असायचात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. न कळून बोलला असतात तर मी कधीचंच माफ केलं असतं.

मी यांना विचारलं, "तुमी काहून बोलत नाई?"

"काय बोलू? आता कोनाचा टॅक्टर उलार नाई होत. बस झालं."

त्यांचं झालं असेल. माझं झालं नाही. साऱ्या मुलखाचे हूक खाली आणायला तुम्ही उन्हाळाभर घाम गाळलात, पण 'जावई बरोबर होता' हे बोलायला तुमची जीभ उचलली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुमच्याकडे पाहूनच कोणी म्हटलं असेल.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही यांना खाटेजवळ बोलावलंत आणि मला बाहेर जायला सांगितलंत. मी दाराआड कान लावून उभी राहिले. मनात म्हटलं, आता तरी. तुम्ही बराच वेळ खोकलात. मग म्हणालात, "भात्याचं चामडं सुकून राह्यलं. तेल लाव त्याले." हे म्हणाले, "हौ मामाजी." एवढंच. तुमच्या मातीला सगळे ट्रॅक्टरवाले आले. त्याचा हूक कधी तुटला नाही, असं जो तो म्हणत होता. यांनी खांदा दिला. पायामुळे तिरडी त्यांच्या बाजूला कलायची, तर तिथेही कोणीतरी म्हणालं, तुम्ही राहू द्या, जावईबापू.

आता हे सगळं का उकरून काढलं, ते सांगते. आमच्या नातवाने, माझ्या मुलाच्या मुलाने, नवा ट्रॅक्टर घेतला. ट्रॉली जोडताना हे जवळ गेले, वाकून पिन पाहायला लागले. पोरगा सीटवरून हसत म्हणाला, "रहने दो दादाजी, आपका हाथ कच्चा है।" त्याने तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही, बाबा. तुमचं वाक्य घरात थट्टा म्हणून उरलं आहे, कुठून आलं ते कुणाला माहीत नाही. हेही हसले. मी हसले नाही. हातातली टोपली खाली ठेवली आणि अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, वरचा हूक, दगड, पाटलाचं अंगण, उन्हाळाभर तापलेलं लोखंड, सगळं. सून चुलीवरचं सोडून बाहेर आली. पोराने यांना विचारलं, "सच है क्या?"

"पुरानी बात है," हे म्हणाले. "तू पिन की खिळी देख, लगी है क्या बराबर."

पोरगा खाली उतरला. त्याने खिळी पाहिली, आणि ट्रॅक्टरची किल्ली यांच्यापुढे धरली. यांनी ती घेतली नाही. रात्री जेवताना माझ्यावरच चिडले. "मेलेल्या मानसाले काहून उघडं पाडलं? त्यानं पोटाले घातलं आपल्याले." मीही म्हटलं, पोटाला घातलं आणि पोटावर पायही दिला. ते ताटावरून उठून गेले. आमच्यात तुमच्यावरून झालेलं हे पहिलंच भांडण.

आज सकाळी मी म्हशीचं दूध काढायला उठले तर हे अंगणात ट्रॅक्टरवर बसलेले. ट्रॅक्टर बंद होता. वाकडा पाय कसाबसा ब्रेकवर टेकवला होता आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. त्यांना मी दिसले नाही. मी चरवी घेऊन भिंतीमागूनच गोठ्यात गेले.

हे पत्र घरात कुठेही पडलं तरी कोणी वाचणार नाही. पोरं हिंदीत शिकली, मराठी अक्षरं लावतात आणि दोन ओळींत कंटाळतात. तुमच्यापर्यंत तर ते जायचंच नाही, आणि गेलं तरी तुम्ही म्हणाल, भाकरीचं पाह्य. तेवढ्यासाठी एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. पाटलाच्या अंगणातून तो हूक त्या दिवशी मीच उचलून आणला होता, विहिरीत टाकीन म्हणून. टाकला नाही. गोठ्याच्या खांबात ठोकून घेतला. तेव्हापासून किती म्हशी त्याला बांधल्या. आताची तर दांडगट आहे, रोज सकाळी सगळ्या अंगाने ओढून पाहते. आजही तिने ओढलं. तो हलला नाही. हूक चांगला होता, बाबा. हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.