एकवीस घरांची कुंची

वाई, श्रावण वद्य ३, शके १७०२

ती. सौ. वहिनीस सगुणेचा सा. न. वि. वि.

मला सातवा लागला. वहिनी, या वेळी बाळंतविडा पाठवू नकोस. दोनदा पाठवलास, नवा कोरा, आणि दोन्ही पोरं त्यातच गेली. त्यांची चिंधीसुद्धा सासूबाईंनी घरात ठेवली नाही, सगळं कृष्णेत सोडलं.

आता त्या म्हणतात, ज्यांची पोरं धडधाकट आहेत अशा एकवीस घरांतून कापडाचे तुकडे मागून आणायचे आणि त्यांची कुंची करायची. भिकेचं पांघरलं की मुलाला नजर लागत नाही. मागणारी माहेरची लागते, म्हणजे तू. शिवायची मात्र मी. कशी बेतायची ते लिही. माझ्या शिवणाला तू हसतेस ते ठाऊक आहे, तरी लिही.

तुझी माया आहे तितकी पुरे, कमी करू नकोस.

पुणे, कसबा, भाद्रपद शुद्ध १०

सौ. सगुणावन्सं यांस मथुरेचा नमस्कार, वि. वि.

एकवीस घरं झाली. शनिवारातल्या एका बाईंनी विचारलं, की पेशव्यांच्या पुण्यात राहून चिंध्या मागायची वेळ आली का. मी म्हटलं, आली, तुमच्याकडे असतील तर द्या. दिली बिचारीने. एक तुकडा आमच्या अनंताच्या अंगड्याचा आहे. लाल खणाचा आहे तो तांबट आळीतल्या सोजरबाईंचा. त्यांचा गेनू चार वर्षांचा आहे, दिवसभर हौदावर दंगा करतो. त्याच्या अंगातलं काढून तिथल्या तिथे फाडून दिलं त्यांनी. पोर उघडंच पळालं.

सगळे तुकडे रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतलेत, बाळाला टोचायला नकोत. आधी ते जोडून दोन वीत रुंद, चार वीत लांब पट्टी करा. मग पट्टी मधोमध दुमडा आणि एका बाजूची वरची निम्मी, डोक्यामागची कड तेवढी शिवा. खालचं पाठीवर मोकळं सोडा. गळ्याशी बांधायला बंद लावा. टाळूवर शिवण येऊ देऊ नका, गाठी बाहेरून मारा. तुम्हाला अक्षरं मी शिकवली म्हणून सांगते, काना अजून खाता. टाके तरी खाऊ नका.

दिगंबरभटांबरोबर गाठोडं देते आहे. जिवाला जपा, इकडची काळजी तेवढ्यानेच निम्मी होईल.

वाई, मार्गशीर्ष शुद्ध २

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

मुलगा झाला. नाव भिकू. कुंची वाकडी झाली आहे, पण तो तिच्यात झोपतो. लाल तुकडा मानेपाशी आला. महिना झाला. मी अजून मोजते आहे.

आशीर्वाद पाठव, जास्त पाठव.

पुणे, माघ वद्य ९

सौ. वन्संस नमस्कार, वि. वि.

लिहू नये ते लिहिते. सोजरबाईंचा गेनू देवीने गेला. एकुलता होता. घरच्यांनी त्याचे कपडे, अंथरूण, लाकडी बैलसुद्धा नागझरीच्या ओढ्यात टाकले. काल त्या दारात आल्या. म्हणाल्या, गेनूचं आता जगात एवढंच उरलंय, तो लाल तुकडा परत मिळेल का.

मी काय सांगू ते कळवा. रागावलात तरी आपलं म्हणा.

वाई, फाल्गुन शुद्ध १

वहिनीस सा. न. वि. वि.

भिकूला सहा महिने व्हायचे आहेत. दुसरं सहा महिन्यांचंच गेलं होतं. माझ्याने कात्री लाववणार नाही. त्यांना सांग, तुकडा वाटेत पडला.

मला वाईट म्हण, पण टाकू नकोस.

पुणे, फाल्गुन शुद्ध १४

सौ. वन्संस नमस्कार, वि. वि.

सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठल्या वाटेने गेलं होतं गाठोडं. त्या दिवसापासून रोज सकाळी कात्रजच्या घाटापर्यंत जातात, झुडपं बघत. लोकांना वाटतं वेड लागलं. नवरा हात धरून आणतो. हौदावर माझ्याशी चांगलं बोलतात, हेच सोसत नाही.

आज जास्त लिहवत नाही.

वाई, चैत्र शुद्ध ५, शके १७०३

वहिनीस सा. न. वि. वि.

तुकडा उसवला, सोबत पाठवते आहे. कात्री लावली नाही, टाका टाका काढला, माझेच होते. माझ्या दोघांचं मला सूतभरही मिळालं नाही, वहिनी. मागायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

कुंचीला तिथे भोक आहे. भिकू त्यातून बोट काढतो. दुसरं काही लावलं नाही. सोजरबाईंना सांग, की मी खोटं बोलले, आणि मग त्यांच्या लुगड्याचा एक तुकडा माग. त्या घरात आता मूल नाही हे मला ठाऊक आहे. सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघेन.

माग, वहिनी.

पुणे, चैत्र वद्य १

सौ. वन्संस नमस्कार, वि. वि.

सगळं सांगितलं, तुकडा दिला. सोजरबाईंनी तो नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाल्या, याला त्याचा वास नाही.

रिठ्यात मीच धुतला होता, दोनदा.

पदराचा तुकडा फाडून दिला आहे त्यांनी. न धुता पाठवते.