बेचाळीस मिनिटांवरचं अकोला

२ मार्च १९८४
नागपूर-अकोला छोटं विमान सुरू होणार! बातमी चंपतरावाची, म्हणजे पक्की. विमान कंपनीच्या इथल्या सदर भागातल्या बुकिंग ऑफिसात असतो. वीस वर्षांपासूनचा मित्र. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. सोनेगाव विमानतळ ते अकोल्याचा शिवणी विमानतळ, सरळ रेषेत २१० किलोमीटर. ताशी तीनशेचा स्पीड धरला तर बेचाळीस मिनिटं. रेल्वेला पाच तास! कौसल्याचं दुसरं बाळंतपण अकोल्याला, सासरीच. पोरीला पत्र टाकलं: काळजी नको, तार मिळताच बाप हजर.

४ मार्च
सिंधू रेल्वेनं अकोल्याला निघून गेली. किती समजावलं. म्हणे, "पोरीच्या पोटात दुखाले लागल्यावर तुमच्या इमानाची वाट पाहू काय?" बायकोचा सायन्सवर विश्वास नाही.

६ मार्च
पहिल्याच विमानाच्या लिस्टीत चंपतरावानं माझं नाव घातलं. शुक्रवारी, सकाळी नऊ. खिडकीची सीट. मित्र असावा तर असा. आमच्या सक्करदरा मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून आलो. शेजारच्या रुखमाबाईंनी कौसल्यासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा दिला.
निश्चय: विमानात घाबरायचं नाही.

९ मार्च, सकाळी १०, सोनेगाव
लिस्टीत माझं नाव नव्हतं. चंपतरावाचं होतं! म्हणे, "सायबानं ऐन वेळी तुमचं नाव काटलं, मले टाकलं. मी काय करू गा?" नजर खाली. वर म्हणे, "डबा द्या, पोरीले नेऊन देतो." दिला. काहून दिला, कळत नाही.
विमान उडालं. त्यानं खिडकीतून हात हलवला. माझ्या खिडकीतून.

१० मार्च
तार आली. काल दुपारी मुलगी झाली, दोघी सुखरूप. म्हणजे दवाखान्यात हजर कोण? चंपतराव! माझ्या नातीचं तोंड माझ्याआधी त्यानं पाहिलं. मैत्री खलास.
रेल्वेनं जावं? मुळीच नाही. ती माझी हार होईल. मंगळवारी विमान आहेच.

१३ मार्च
विमान कॅन्सल. काहीतरी बिघाड. आता शुक्रवारी.

१६ मार्च
पुन्हा कॅन्सल. ऑफिसात चंपतराव दिसला. मी तोंड फिरवलं. तो मागून येत म्हणाला, "आनंदराव, रेल्वेनं जा न गा. पोरगी वाट पाहून राहिली." ढोंगी!
अकोल्याहून पत्र नाही. सिंधूचंही नाही.

१८ मार्च, अकोला
शेवटी रेल्वेनंच आलो. गर्दीत उभ्यानं. चहा होण्याआधीच कौसल्याला चंपतरावाचा सगळा दगा सांगितला. लिस्ट, खिडकी, डबा.
सिंधू म्हणाली, चंपतरावानं त्याच दिवशी सांगितलं होतं, आनंदराव संध्याकाळच्या गाडीनं येतीलच. जावई तीन दिवस रोज स्टेशनवर जाऊन उभे राहिले.
मी म्हणालो, पण विमान मंगळवारी होतं.
कौसल्या म्हणाली, "गाडी त रोज होती न, बाबा?"
विषय बदलावा म्हणून म्हटलं, बाळ दे जरा माझ्याकडे.
तिनं दुपटं ओढून घेतलं. म्हणाली, "झोपली हाये."
बाळ टक्क डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होतं.