पान चारवरची दुरुस्ती

बाबा,

मी कॉलेजला पळतेय. चहा थर्मासमध्ये आहे.

कॉलेजच्या साप्ताहिक अंकात मी तुम्हाला 'निवृत्त घड्याळजी' करून टाकलं, हे चुकलंच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून दुकानाचं शटर खालीच आहे, म्हणून तुम्हाला न विचारता दिलं ठोकून. दोन दिवस अबोला धरलात, तोही बरोबरच. तत्त्वज्ञानाच्या पेपरात दोन्ही बाजू मांडून सुटता येतं. जोडीला घेतलेल्या पत्रकारितेत मात्र चूक छापून कबूल करावी लागते. आज पान चारवर माझ्या नावासकट दुरुस्ती आलीय: 'ते निवृत्त नाहीत. दुकान रोज सकाळी दहाला उघडतं.'

छापण्याआधीच ती वाचून आमच्या पत्रकारितेच्या बाई बंद पडलेलं घड्याळ घेऊन आजच दुकानात येताहेत. किल्ली आणि पुसलेला चष्मा टेबलावर ठेवलाय. मला दुसरी दुरुस्ती छापायला लावू नका.

— धाकटी