गिळलेला ढेकर

९ ऑगस्ट

चि. ढोरवैद्यास,
अ. उ. आ.

इतके दिवस पत्र नाही, माफ कर. तुझ्या त्या डोंगरात फोन लागत नाही हे कारण मी सगळ्यांना सांगते, पण पत्राला कुठे रेंज लागते? खरं म्हणजे लिहायला बसले असते तर एकच गोष्ट लिहावी लागली असती, आणि तीच टाळत होते.

बाबांचं वजन उतरलंय. पट्ट्याला दोनदा नवं भोक पाडून घेतलं त्यांनी. वीस तारखेला डॉक्टर घशातून नळी घालून पोट आतून बघणार आहेत. या वयात! जेवण कसं आहे, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, अगदी व्यवस्थित, रोज ताट स्वच्छ असतं.

आता पुढचं ऐक. अंधांसाठी मी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते ती आपल्या बैठकीच्या खोलीतच. खालचा लेथचा कारखाना दुपारी जेवायला बंद होतो, तेवढीच काय ती शांतता. मी बाबांचं ताट वाढून, झाकून ठेवते आणि दार लावून वाचायला बसते. भिंतीपलीकडे ते जेवतात. आणि बाबांचा ढेकर तर तुला ठाऊकच आहे, गल्लीच्या टोकाला कळायचं की यांचं जेवण झालं. मार्चमध्ये एक प्रकरण परत आलं. नायिका प्राण सोडते, मी क्षणभर थांबते, आणि त्या शांततेत बाबांचा ढेकर. हा मूळ पुस्तकात आहे का, असं तपासणाऱ्या बाईंनी विचारलं होतं. मी तडक जाऊन बाबांना म्हणाले की जरा लाज धरा, माणसं ऐकतात. ते म्हणाले, गेलेल्या बाईला माझी श्रद्धांजली समज. मी हसले नाही. त्यानंतर घरात ढेकर ऐकू आला नाही, आणि खरं सांगू? मला ते सोयीचं वाटलं.

मंगळवारी मध्येच घसा कोरडा पडला म्हणून पाण्याला उठले. दारातून पाहिलं तर बाबा ताटातलं जेवण वर्तमानपत्रात बांधत होते. दोन घास खाल्ले असतील-नसतील. कागद कुरकुरू नये म्हणून आधी ओला करून घेतला होता. कारखान्याचं कुत्रं एवढं गलेलठ्ठ कसं झालं, ते मला तेव्हा कळलं.

मी पाणी न पिता आत गेले आणि प्रकरण पुरं केलं. चुकलं नाही कुठेच. आवाजसुद्धा हलला नाही. त्याचीच जास्त लाज वाटते. बाबांना अजून काही विचारलेलं नाही. काय करू, सांग.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र गोठ्यात उभ्यानेच वाचलं. एका गाईची डावी कूस नगाऱ्यासारखी ताणली होती, श्वास चढला होता. गाय दिवसभर ढेकर देत असते, आवाज नसतो म्हणून आपलं लक्ष जात नाही. तो कोंडला की काही तासांत जनावर जातं. नळी घातली, वायू सुटला, मालकाचा जीव भांड्यात पडला. पण नळी घालण्याआधी मी त्याला विचारलंच, काय बदललंस? ओला, कोवळा चारा पोटभर घातला होता, आणि ते सांगायला तो लाजत होता.

तुझ्या डॉक्टरांनीही तेच विचारलं होतं, ताई. तू त्यांना चुकीचं उत्तर दिलंस.

घोड्याला ढेकर देता येत नाही, त्याची घडणच तशी. बाबांची नाही. तू त्यांचा घोडा केलास. चिडू नकोस, मी दोन वर्षं तिकडे फिरकलो नाही, मला बोलायचा हक्क किती ते मला कळतं. एक मात्र कर, उपासमारच आहे, रोग नाही, असा निकाल तू परस्पर देऊ नकोस. तो डॉक्टरांना देऊ दे. त्यांना फक्त खरं सांग. आणि आधी बाबांशी बोल.

रागावलीस तरी पत्र धाड.
तुझा ढोरवैद्य

१७ ऑगस्ट

चि. ढोरवैद्यास,
अ. उ. आ.

रागावले नाही. घोडा वाचून रडले, मग हसले.

परवा ध्वनिमुद्रणाचं यंत्र बंद ठेवलं आणि बाबांबरोबर जेवायला बसले. काम नाही का, असं त्यांनी तीनदा विचारलं. पोटभर जेवले, आणि मग मूठ ओठांवर दाबून डोळे मिटून बसून राहिले. यंत्र बंद आहे, मी सांगितलं. ते म्हणाले, माहीत आहे गं, पण आता सवयीने येतच नाही.

मग मी वेडेपणा केला. सोड्याची बाटली आणून त्यांच्यासमोर घटाघटा प्यायले आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसारखा ढेकर द्यायचा प्रयत्न केला. उचकीसारखं काहीतरी निघालं. बाबा म्हणाले, एवढी शिकलीस आणि हे घशातून देतेस होय? मनापासून हसले. मार्चनंतर पहिल्यांदाच.

तेव्हा धीर करून विचारलं, जेवत का नव्हता? ते म्हणाले, पोट भरलं की तो येणारच, म्हणून भरायचंच नाही. शिवाय भिंतीला कान लावून ऐकायचो, तू छान वाचतेस. आपल्या पायी तुझं प्रकरण पुन्हा परत यायला नको.

मी म्हणाले, हे सगळं डॉक्टरांना सांगते. त्यावर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, अजिबात नाही. पोरीने बापाला उपाशी ठेवलं असं त्या माणसाला वाटेल. त्यापेक्षा मी ती नळी गिळतो, हल्ली गिळायची सवय झालीच आहे.

थट्टेत नाही म्हणाले रे. आणि खोटं कशाला लिहू, काल दिवसभर मला ते बरं वाटलं. फोनपाशी दोनदा गेले आणि दोनदा परत आले.

तू जवळ असतास तर ढकललं असतंस. लांबून ढकल.
तुझी ताई

ता. क. तू विचारशील म्हणून उद्याचं काम इथेच लिहून ठेवते: दवाखाना उघडताच फोन करून डॉक्टरांना सांगणे की बाबा जेवत नव्हते, आणि ते माझ्यामुळे.