बल्बवरचं कुंकू

१२ ऑक्टोबर, रविवार
आठ दिवस! दोन नवेकोरे बल्ब दसऱ्याला बसवले, एक आठव्या दिवशी गेला. तोही कधी, तर कापूस वेचायला नेलेल्या बाया घेऊन परत येताना, तिन्हीसांजेला, समोरून ट्रक. डावा दिवा फट्टदिशी बंद. नऊ बाया एका दमात ओरडल्या. अन् स्पेअर पार्टच्या दुकानातला रामदास मला विचारतो, "ताई, बसवताना काय झालं का?" मला विचारतो! ह्यांचा गुडघा गेल्यापासून तीन वर्षं व्हॅन मीच चालवते. बल्ब मीच बदलते, हेडलाईटची काच मीच घासते. चौथी शिकले म्हणून काय झालं.
आज शेवगावचा बाजार, दुकानात गर्दी. गेलेला बल्ब मी वर धरला. काचेवर काळा डाग. म्हटलं, "बघा समद्यांनी. वापरलेला माल नव्या डबीत घालून देतो ह्यो. चोर हाय चोर." रामदासनं बल्ब हातात घेतला, फिरवून बघितला, तोंड उघडलं अन् मिटलं. मी म्हटलं, बघा, बोलायला तोंड नाही.
शेठनं मुकाट दुसरा बल्ब दिला. गेलेला मी मागून आणला, पुरावा म्हणून.
घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी बसवला. बॉनेट उघड, वायरचा सॉकेट उपट, रबरी टोपी काढ, तारेची क्लिप दाब, जुना बाहेर, नवा आत. दहा मिनिटं. हे ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "बाजारात लई आवाज केलास म्हनं."
"मग काय गप बसू?"
"म्या काय म्हन्लं का?"
काही म्हणत नाहीत तेच तर.

१५ ऑक्टोबर, बुधवार
आज वेचणीला सुट्टी, मालकाच्या घरी कार्य. हेडलाईट पिवळे पडलेत, म्हणून घासायला घेतले. पाण्याचा पॉलिश पेपर, मग दातांची पेस्ट, मग ओला फडका. डावा चकाचक. उजव्याला आतून दव धरलेलं. उन्हात वाळावा म्हणून त्याचा बल्ब काढला.
त्याच्यावरही डाग. तस्साच. त्याच जागी.
आधी म्हटलं, बघा, दोन्ही जुनेच दिले मेल्यानं. मग बल्बचा पत्रा बघितला. काचेच्या खाली, पत्र्याच्या खाचेत, लाल.
कुंकू.
काचेवरचं जळून काळं झालेलं, पत्र्यावरचं तसंच लाल. दसऱ्याला गाडीची पूजा. पाट्याला, विळ्याला, स्टेअरिंगला कुंकू लावलं. नवे बल्ब ताटात होते. नवी वस्तू, कुंकू लावल्याबिगर कशी वापरायची? तेलात कालवलेलं कुंकू, दोन्ही बल्बना, दोन ठिपके. करंगळीजवळचं बोट डागावर ठेवून बघितलं. बरोब्बर बसलं.
अन् मग आठवलं. बल्ब देताना रामदास म्हणाला होता, "ताई, काचेला बोट लावू नका. तेलकट लागलं की तिथं तापतो अन् जातो. कोऱ्या कपड्यानं धरा." मी काय म्हटलं? "मला शिकवू नको."
ते बोलणं मी पार विसरले होते. विसरले होते का

१६ ऑक्टोबर, गुरुवार
कोणाला सांगितलं नाही.
व्हॅनमध्ये कांताबाईनं रविवारचं परत सुरू केलं. ती दुकानात माझ्या मागंच उभी होती. सगळ्यांना करून दाखवते. हात वर, काल्पनिक बल्ब, माझा आवाज काढून, "चोर हाय चोर!" बाया लोळतायत हसून. "आमच्या अक्कापुढं शेठची पन टाप न्हाई."
मीपण हसले. हे लिहायला नको वाटतं, पण हसले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
ह्यांना सांगितलं. चहा पीत होते. कप खाली ठेवला.
"मंग सांग जाऊन."
"काय सांगू?"
"जे मला सांगितलंस ते."
"लोक काय म्हनतील?"
"लोकं रामदासला म्हनत्यात ते म्हनतील. तुला."
एवढं बोलले अन् गुडघा चोळत बसले. भांडण तरी करायचं.

१९ ऑक्टोबर, रविवार
गेले. दुकानात रामदास नाही. त्याच्या जागी शेठचा भाचा, त्याला होल्डर कुठं अन् हॉर्न कुठं ठाऊक नाही. शेठला विचारलं. म्हणाला, "काढला त्याला. तुमीच भर दुकानात चोर म्हन्ल्या. त्या दिवसापासून गिऱ्हाईक डबी उघडून उघडून बघाय लागलं."
बारा वर्षं होता तिथं.
गर्दी कमी व्हायची वाट बघितली. मग काउंटरवर वाकून, हळू आवाजात सांगितलं. बल्ब, कुंकू, सगळं. शेठ हसला. "बरं बरं, ताई. झालं ते झालं. चहा घेता?"
चहा घेतला.
चोर म्हणताना आवाज एसटी स्टँडपर्यंत गेला होता. आज शेजारी उभ्या माणसाला ऐकू गेला नसेल.

२० ऑक्टोबर, सोमवार
विचारत विचारत रामदासच्या खोलीवर. मूळचा पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, हा एकटाच सुटला होता त्यातून. आज दारात दोन कोयते पोत्यात गुंडाळलेले. बायको, संगीता, भांडी गोणीत भरत होती. माझ्याकडं बघितलं अन् परत भरायला लागली.
रामदास उठून उभा राहिला. "या ताई. बसा." ओरडला असता तर बरं झालं असतं.
मी दारातच बोलून टाकलं. तो म्हणाला, "ठाव हाय. मला तवाच कळलं हुतं. पत्र्यावर लाल दिसत हुतं."
"मंग बोलला का न्हाईस?"
"तुमी बोलू दिलं का?" मग खाली बघून म्हणाला, "अन् भर बाजारात सवाष्ण बाईला कसं म्हनू, तुमचं कुंकू जळालंय म्हनून? घरी दादांचा गुडघा तसा. वंगाळ दिसतं ते."
मला बसायला सांगितलं होतं तरी मी उभीच.
संगीता आतून म्हणाली, "ह्यांनी तुमचं कुंकू राखलं. आता आमचा कोयता निघाला." ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात. पोरगी सहावीला. तिला आजीकडं ठेवणार.
टोळीचा ट्रक रविवारी, २६ ला, पहाटे निघणार. येणार का नाही ते पक्कं विचारायला मुकादम शनिवारी रात्री येणार.
"शेठनं बोलवलं तर येशील?"
"शेठ कशाला बोलवील? चोराला?"
तो शब्द त्यानं माझ्याकडं न बघता म्हटला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
लक्ष्मीपूजन. पणत्यांना कुंकू लावताना हात थांबला. ह्यांनी बघितलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार
पाडवा. दुकान बंद. दोनदा जाऊन आले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
भाऊबीज. भावाला ओवाळलं. तो म्हणाला, "तोंड का असं?" म्हटलं, दात दुखतोय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
बायांना शेतावर सोडलं. कांताबाईला म्हटलं, "तू उतरू नको. चल माझ्यासंगं."
"कुठं अक्का?"
"नक्कल करायची ना? पुढचं बघून घे."
दुकानात गर्दी. भाऊबीजेला आलेल्यांच्या गाड्या, निघायच्या आधी कोणाला वायपर, कोणाला बल्ब. दोन्ही डागाळलेले बल्ब वर धरले, अन् त्या दिवसाच्याच आवाजात बोलले. तोच आवाज लागणार होता, नाही तर कोणी खरं मानलं नसतं. "त्या रविवारी मी रामदासला चोर म्हन्लं. खोटं हुतं ते. बल्ब नवेच हुते. त्यानं सांगितलं हुतं, काचेला काय लावू नका. म्या ऐकलं न्हाई. तेलातलं कुंकू लावलं, त्यानं बल्ब गेला. चूक माझी. बोंब मारली ती बी माझी."
कोणी हसलं. एक म्हातारा म्हणाला, "बाई, आमी तर टायरला बी लावतो." अजून हसले. कांताबाई हसली नाही. पदर तोंडाला लावून उभी.
शेठ म्हणाला, "ताई, कशाला तमाशा? मिटलंय ते."
"तुमचं मिटलं. त्याच्या दारात कोयते बांधलेत. बोलवा त्याला."
"आता भाच्याला ठेवलंय. बघू."
"बघू न्हाई. चोर म्हन्लं तवा तुमी बघू म्हन्ला न्हाईत. तवा लगेच ऐकलं माझं. आज बी लगेच ऐका."
शेठ गिऱ्हाइकाकडं वळला. भाचा त्याला हॉर्न दाखवत होता, मागितला होता होल्डर.
मी बल्बची रिकामी डबी फाडली, शेठच्याच पेनानं लिहिलं, काउंटरवर दोन्ही डागाळलेले बल्ब ठेवले अन् खाली चिठ्ठी. काय लिहिलं ते इथं उतरवून ठेवते, उद्या मलाच खोटं वाटायला नको.
शेठ. उद्या शनिवार. दिवेलागणीच्या आत सांगा, रामदास सोमवारी तुमच्या काउंटरवर का उसाच्या फडात. हो का नाही, एवढंच. फोन नंबर मागं आहे. नाही आला तर मी दारात येऊन उभी राहीन, अन् माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे.