भावाला कडेवर घेऊन वाचणारी

बाई, तुम्ही खुर्ची भिंतीला लावून ठेवायचात आणि आम्हा पहिलीच्या पोरांबरोबर तरटपट्टीवर बसायचात. तेल्हाऱ्यात तोवर कुणी मास्तरीण खाली बसलेली पाहिली नव्हती. तुम्ही अमरावतीच्या वकिलाच्या घरातल्या, ऐन तरुणपणी विधवा झालेल्या. तुमचं पुस्तकी बोलणं आम्हाला परक्या मुलखातलं वाटे. पण पुस्तक उघडलं की वर्ग गप्प. एका गोष्टीतलं वासरू बाजारात मायपासून चुकतं. पान उलटायच्या आधी तुम्ही थांबता, विचारता, "आता वासराला काय वाटत असेल?" "भूक लागली असन," एक पोरगा म्हणतो. "भेव लागलं असन," मी म्हणते. मग मागून ती बोलते, जिची माय धाकट्याच्या बाळंतपणात गेली होती, जी जवळ जाईल त्याला चावायची, जिचा आवाज आम्ही वर्गात कधी ऐकलाच नव्हता. "त्याले घरी जा वाटत नाई. घरी कोनी नाई."

तुम्ही पुस्तक मिटलं नाही. "ये, इथे बस. पुढचं आपण दोघी पाहू," म्हणालात. ती तुमच्या मांडीला टेकून बसली. चावणं लगेच सुटलं असं नाही, पण आम्ही तिला 'चावरी' म्हणणं सोडलं आणि पट्टीवर सरकून जागा देऊ लागलो. अक्षरं तर तिने आमच्याआधी उचलली.

कापूस वेचणीला आला तशी ती यायची थांबली. तुम्ही तिच्या घरी गेलात. आमचं घर शेजारीच, मी ओट्यावरून ऐकत होते. तिचा बाप म्हणाला, "वाचून पोट भरते काय बाई? मी वावरात गेलो तं या लेकराले कोन पायन?" तुम्ही म्हणालात, "लेकरू घेऊन येऊ दे." आणि ती खरंच आली, भावाला कडेवर घेऊन. अजून दिसते मला. एका हाताने त्याचं नाक पुसते, दुसऱ्याचं बोट ओळीवरून फिरवते आणि त्यालाच विचारते, "आता याले काय वाटत असन रे?" तो हसतो. तुम्ही तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावता.

ते सुख हिवाळ्यापुरतंच होतं. साहेब तपासणीला आले तेव्हा नेमकं बाळ रडत होतं. हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, ही शाळा आहे की पाळणाघर? पाढे सोडून गोष्टी सांगत बसता!" तुम्ही एवढंच म्हणालात, "ही मुलं आता एकमेकांचं ऐकून घेतात, साहेब." साहेबांनी पाढे विचारले. आम्हाला आले नाहीत. उन्हाळ्यात तुमची बदली भातकुलीकडे झाली. ती पुन्हा शाळेत आली नाही. तुम्ही तापात गेल्याचं कळलं तेव्हा मी मास्तरकीचं शिकत होते.

अकोल्यात नोकरी लागल्यावर मीही खाली बसून वाचू लागले. पोरं बोलती व्हायची. मग वेचणीला निम्मी गळायची, उरलेल्यांची वाचा पुढच्या वर्गातली छडी बंद करायची. त्याच दिवसांत ती मला मोटारस्टँडवर भेटली. "तेल्हाऱ्याची मोटर कोनती वो बाई?" मी चेहऱ्यावरून ओळखलं. मोटरीवर गावाच्या नावाची पाटी समोरच होती.

"तुले तं वाचता येत होतं."

"मले? नाई वो."

"शाळेत बाईनं शिकवलं नोतं काय?"

आठवायचा तिने खरंच प्रयत्न केला. "कोनती बाई?" म्हणाली. हाताशी धरलेलं पोरगं रडत होतं. त्याला एक चापट मारून, ओढत ती मोटरीकडे धावली.

पुढे नोकरी संपेपर्यंत मी वाचत राहिले, पण सवयीने. तुमच्यासारखा भरवसा नंतर उरला नाही. हे कुठे धाडायचं नाही म्हणूनच खरं लिहिता आलं. तुम्ही जिवंत असता, तर ती अजून वाचते, लेकराला गोष्टी सांगते, असंच मी तुम्हाला कळवलं असतं.